दोष उन्हाचा नाही

‘आपल्याकडे ऊनच एवढं आहे, गाडी तापणारच.’ नंदुरबार जिल्ह्यात चारचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे आणि बहुतेकांनी ते स्वतःही कधी ना कधी उच्चारलेलं आहे. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात, अक्कलकुव्याहून मोलगीला चढताना देवगोई घाटात, सुरत-नागपूर महामार्गावर कोंडाईबारीत, मे महिन्यात बॉनेट उघडं टाकून उभी असलेली गाडी हे आपल्या ओळखीचं दृश्य आहे. चालक पाच लिटरचा कॅन घेऊन उभा, प्रवासी सावलीच्या शोधात दगडांवर टेकलेले, आणि कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ऊन.

मला या उत्तराचा प्रतिवाद करायचा आहे. ते पूर्ण खोटं असतं तर एवढं लिहायची गरज पडली नसती. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आडोशाला बाकीचं सगळं खपून जातं. दोष एकदा उन्हावर टाकला की गळती कोणी शोधत नाही.

आधी उन्हाच्या पदरात त्याचं माप घालू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी ९५ अंश आणि बाहेर ३० अंश असेल तर फरक ६५ अंशांचा. बाहेर ४४ अंश असेल तर तो ५१ वर येतो. म्हणजे भर उन्हाळ्यात त्याच रेडिएटरची ताकद साधारण एक पंचमांशाने कमी होते. एवढंच. हा हिशेब गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक असतो आणि तो धरूनच ते रेडिएटरचं माप, पंख्याची ताकद आणि झाकणाचा दाब ठरवतात. एमएच ३९ ची पाटी लावून आपल्याकडे फिरणारी जीप राजस्थानात जैसलमेर-बाडमेरलाही फिरते, आणि तिथलं ऊन आपल्यापेक्षा सौम्य नाही. उन्हाने खरंच इंजिनं उकळत असती तर एप्रिल ते जून नंदुरबार-शहादा रस्त्यावर एकही गाडी धावली नसती. दहा गाड्यांतल्या नऊ घाट चढून जातात आणि एकच थांबते. ऊन दहाही गाड्यांवर सारखंच पडलेलं असतं.

त्या दहाव्या गाडीत काय बिघडलेलं असतं? ऊन तिचा दोष उघडा पाडतं, एवढंच त्याचं काम. हिवाळ्यात जी गाडी पंचवीस टक्के कमी ताकदीच्या रेडिएटरवर निभावून जाते, तिला मे महिन्यात तेवढी सवलत मिळत नाही.

आता दुसरा दावा. तो गॅरेजातून येतो आणि मोठ्या खात्रीने येतो: ‘वॉल काढून टाका.’ वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. ती थंड देशातल्या लोकांसाठी असते, आपल्या मुलखात तिचं काम नाही, असं कारण सांगितलं जातं. वीस-पंचवीस वर्षं हात काळे केलेले मिस्तरी हे सांगतात, त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो. त्यांच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. या समजुतीमागे एक खरा प्रसंग असतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक लहानशी डबी असते. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ते मेण वितळून फुगतं आणि पाण्याची वाट उघडतं. ही डबी जुनी होऊन बंदच अडकली तर इंजीन दहा मिनिटांत उकळतं. अशा वेळी मिस्तरीने ती काढली आणि गाडी थंड चालू लागली, तर ‘दोष वॉलचाच’ हे त्याच्या मनात पक्कं बसणं स्वाभाविक आहे. पण अडकलेला थर्मोस्टॅट काढून नवा बसवायचा असतो. त्याची जागा रिकामी ठेवायची नसते.

रिकामी ठेवली तर काय होतं? इंजीन त्याच्या ठरलेल्या तापमानाला उशिरा पोचतं, हलक्या कामात कधी पोचतही नाही. थंड इंजीन इंधन जास्त खातं, त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. दुसरं नुकसान मात्र थेट तापण्याचंच आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला आणखी एक चकती असते. मुख्य वाट उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅट काढला की ही चकतीही जाते, बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात फिरतो. गाडी थंड राहावी म्हणून काढलेल्या वस्तूमुळे घाटात ती जास्तच तापते. (वॉल नसली की पाणी इतकं जोरात फिरतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असंही काही जण सांगतात. तेही चूक आहे. प्रवाह वाढल्याने उष्णता कमी बाहेर पडते असं होत नाही. थर्मोस्टॅटची बाजू घ्यायची तर ती खऱ्या कारणाने घ्यावी.)

आणि थर्मोस्टॅट बिघडला आहे की नाही हे तपासायला कसलं यंत्र लागतं? तो काढून दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडायचा, सोबत थर्मामीटर धरायचा आणि पातेलं गॅसवर ठेवायचं. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला, तर निर्दोष. गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवर ही परीक्षा पाच मिनिटांत होते. इतकी सोपी परीक्षा न घेता निकाल दिला जातो, ही माझी तक्रार आहे.

तिसरा दावा पाण्याचा. ‘कूलंट कशाला? तो बर्फाच्या प्रदेशात लागतो. पाणी टाका आणि चला.’ इथेही एक गोष्ट कबूल करतो: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस आहे. पण कूलंटचं काम गोठणं टाळण्यापुरतं नसतं. त्यातली रसायनं लोखंडाला गंजापासून आणि ॲल्युमिनियमला झिजण्यापासून वाचवतात, आणि निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरसुद्धा साधारण १०७ अंशांना उकळतं. आपण टाकतो ते पाणी बहुधा बोअरचं, जड पाणी. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा क्षार लोखंडाच्या मानाने वीसपट तरी कमी उष्णता पुढे जाऊ देतो. पाणी स्वस्त पडलं असं वाटतं, आणि तीन-चार उन्हाळ्यांत रेडिएटर आतून बुजतो. वाटेत काहीच हाताशी नसेल तेव्हा कॅनमधलं पाणी टाकून गाव गाठणं योग्यच आहे. तेच पाणी वर्षभर ठेवणं योग्य नाही. कूलंटच्या रंगावरून वाद घालण्यात तर अर्थच नाही. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार सांगितला आहे तो डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावा, किंवा तयार मिश्रण घ्यावं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण वरच्या तिन्ही दाव्यांखाली तोच दबलेला असतो. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय. इंजिनाला घाम येत नाही. शीतलीकरणाची व्यवस्था बंदिस्त असते. तिच्यातून महिनोन्महिने लक्षात येण्याजोगं पाणी कमी व्हायला नको. दर आठवड्याला अर्धा लिटर टाकावं लागत असेल तर ती सवय नाही, आजार आहे.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो, म्हणून तो प्रसंग सांगतो. माझी जीप एका उन्हाळ्यात तोरणमाळच्या चढावर तापू लागली. शहाद्याच्या सखल पट्ट्यातून निघून गाडी तिथे जवळजवळ हजार मीटर चढते. दोष लपवून ठेवायला हा रस्ता जागा देत नाही. एका गॅरेजात वॉल काढली. पंधरवडा बरा गेला, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी कोणतीही तपासणी न करता ‘हेड गॅस्केट गेलं, इंजीन उतरवावं लागेल’ असा निकाल मिळाला. त्या तिन्ही जागी माणसं कष्टाळू होती आणि कोणी मला मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण तिघांपैकी एकानेही ‘पाणी जातं कुठे?’ हा प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने विचारला. त्याने रेडिएटरच्या तोंडाला गेज असलेला हातपंप लावला आणि इंजीन पूर्ण थंड असताना झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. काटा स्थिर राहायला हवा होता. तो हळूहळू उतरत गेला. मग त्याने टॉर्च घेतली. पुढे काही नाही, खाली काही नाही, वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप) कोरडी. गळती इंजिनाच्या पाठीमागे, डॅशबोर्डकडे जाणाऱ्या हीटरच्या होजला होती. क्लिप सैल झाली होती. चालत्या गाडीत थेंब खालच्या तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडत होते आणि जमिनीवर पोचण्याआधीच वाफ होऊन जात होते. म्हणून रोज सकाळी गाडीखालची फरशी कोरडी दिसायची आणि मी समजायचो की गळती नाही. पाइपवर मात्र हिरवट-पांढरे डाग पडलेले होते. तीन गॅरेजांत बॉनेट उघडलं गेलं, पण डाग कोणी पाहिले नाहीत. दुरुस्तीला एक क्लिप आणि वीतभर होज लागला.

हा दाब समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती स्प्रिंगची झडप आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब. तोरणमाळच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. तेच पाणी ०.९ बारच्या झाकणाखाली ११६ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली, की हे वीस अंश हातचे गेले. इंजीन तेच, ऊन तेच, घाट तोच, आणि गाडी उकळते. काही शे रुपयांचं झाकण न तपासता हजारो रुपयांचा रेडिएटर बदलला जातो. होजमधली लहानशी गळतीही हेच करते: पाणी थोडंच जातं, पण दाब सगळा जातो.

म्हणून थंड इंजिनावर गळती दिसली नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. काही फटी दाब आल्यावरच उघडतात. वॉटर बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून टिपकतं. ते भोक सांगत असतं की पंप बदलायची वेळ झाली, आणि आपल्याकडे त्यात एम-सील भरून ते बुजवलेलं मी पाहिलं आहे. गाडीत गोडसर वास येतोय, पुढची काच आतून चिकट धुक्याने भरतेय, डाव्या बाजूचं पायपुसणं ओलं राहतंय, तर हीटरची कोर फुटली असण्याची शक्यता मोठी. इंजिनाच्या बाजूला ठोकून बसवलेले पत्र्याचे प्लग असतात. साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत ते आतून गंजून पातळ होतात. हे सगळं डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी कळतं. फक्त शोधायची तयारी हवी.

गाडी कधी तापते हेही विचारायला हवं. उभ्या गाडीत किंवा बाजारच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरते, तर पंखा पाहा: त्याचा फ्यूज, रिले, किंवा जीपसारख्या गाडीत पंख्याचा व्हिस्कस क्लच. याउलट गावात ठीक असते आणि भरलेली गाडी घाटाला लागली की तापते, तर पाण्याची किंवा हवेची वाट अडलेली आहे. आपल्या जिल्ह्यात ही वाट अडवायला कापसाचे तंतू, उसाचं पाचट आणि कच्च्या रस्त्याची माती पुरेशी आहे. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा गाळ बसतो; समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. तो इंजिनाच्या बाजूने, हलक्या पाण्याने बाहेर काढायचा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

‘हेड गेलं’ या निकालाबद्दल मी जास्त कठोर बोलणार आहे, कारण तो ऐकून माणूस कर्ज काढतो. हेड गॅस्केट जातं, हे खरं आहे. पण गेलं की नाही हे सिद्ध करता येतं. ऑइल दुधाळ झालंय का? गाडी सुरू करताच, पाणी गरम होण्याआधीच, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर निघतच राहतो का? (तोरणमाळच्या डिसेंबरमधल्या सकाळी निघणारी वाफ त्यात धरू नये.) आणि शंका उरलीच तर एक निळा द्रव मिळतो, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली की ज्वलनाच्या वायूमुळे तो पिवळा पडतो. पिवळा पडला तर हेड उतरवा, सपाट पट्टी ठेवून फीलर गेजने ते वाकलंय का मोजा, लागलं तर फेस करून घ्या. यांतली एकही खूण नसताना हेड उतरवायला सांगणं म्हणजे खोकल्याच्या पेशंटला न तपासता ऑपरेशन टेबलावर झोपवणं आहे.

हळदीविषयी एक शब्द. फुटक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती ट्रकवाल्यांची जुनी आहे आणि बारीक फट ती थोडा वेळ बुजवतेही. मध्यरात्री घाटात अडकलेल्याने ती वापरली तर मी त्याला नाव ठेवणार नाही. पण हळदीला फट आणि नळी यांतला भेद कळत नाही. गावात पोचल्यावर रेडिएटर धुऊन गळतीची खरी दुरुस्ती केली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात नळ्याच बुजलेल्या सापडतील.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, ‘भाऊ, शहरातल्या गप्पा आहेत या. धडगावच्या टपरीवजा गॅरेजात प्रेशर टेस्टर कुठून येणार?’ हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो. पण प्रेशर टेस्टर म्हणजे एक हातपंप, एक गेज आणि तोंडाला बसणारी दोन-चार झाकणं. एका चुकून बदललेल्या रेडिएटरच्या पैशात तो येऊन वर पैसे उरतील. शिवाय साधनं नसलेल्या ठिकाणीच चुकीच्या निदानाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. नंदुरबारमध्ये गाडी थांबली तर दुसरी मिळते. मोलगीच्या किंवा धडगावच्या आतल्या पाड्यावरून बाळंतीण किंवा आजारी मूल घेऊन निघालेली जीप चांदसैलीत उकळली, तर तिथे ना दुसरी गाडी असते ना मोबाइलला रेंज. ‘ऊनच एवढं आहे’ हे उत्तर तिथे किती अपुरं आहे, हे त्या जीपमध्ये बसलेल्यांना विचारावं.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. अंगाला चटका बसेल, पण इंजिनाची उष्णता कमी होईल. गाडी बाजूला घ्या, वाफ येत असेल तर इंजीन बंद करा आणि अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं ते पाणी झाकण उघडताच उसळतं आणि चेहरा भाजतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणि चढलेला काटा अचानक खाली पडला तर आनंदू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. काढलेलं जुनं कूलंट गॅरेजसमोरच्या गटारात सोडू नका. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यांना, गुरांना विष होतं.

जिल्ह्यातल्या मिस्तरींना, आणि आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे: पहिला पान्हा लावण्याआधी दाब लावून पाहा. आणि गाडीमालकांना एवढंच सांगतो, पुढच्या वेळी कोणी रेडिएटर, वॉल किंवा हेड काढायला सांगितलं, तर पैसे काढण्याआधी त्याला म्हणा, ‘पाणी कुठून जातंय ती जागा आधी बोटाने दाखव.’